अकरावा फरक

१

‘टिंबटिंब’ या बालमासिकाच्या त्र्याऐंशीच्या दिवाळी अंकात दहा फरक होते. निदान पानावर तसं छापलं तरी होतं: ‘या दोन चित्रांत बरोबर दहा फरक आहेत. सगळे ओळखणाऱ्यांतून एकाला सायकल.’ दिवाळी सरली, पोस्टमनने कार्डांचं पोतं आणून टाकलं आणि उपसंपादक वसुधा टिपणीस ते उपसायला बसली. पहिल्याच मुलाने अकरा फरक लिहिले होते. वसुधा हसली. सायकल म्हटली की पोरांना नसलेलंही दिसतं. दुसऱ्याचे अकरा, तिसरीचेही अकरा. आणखी मूठभर कार्डं वाचल्यावर तिने हसणं थांबवलं आणि अंक उघडला.

चित्र एका घरातल्या सुटीचं होतं. सतरंजीवर मोठ्ठी सापशिडी मांडलेली, पलीकडे कॅरम, कोपऱ्यात ल्यूडो आणि चिवड्याचं ताट घेऊन दारातून येणारी आई. उजवीकडच्या चित्रात कॅरमची राणी गायब होती, मांजराच्या शेपटीला एक वळसा जास्त होता, मोठ्या सापाचा एक दात पडला होता. असे दहा फरक वसुधाला आधीच पाठ होते. अकरावा मात्र नवीन होता. सापशिडीच्या पटावर पस्तीस आणि सदतीस यांच्या मधल्या घरात डावीकडे ३६ होते आणि उजवीकडे ६३.

तिने अंक बगलेत मारला आणि संपादकांच्या टेबलाकडे गेली.

इथे ‘टिंबटिंब’चा संसार सांगायला हवा. मुलुंडच्या एका गाळ्यात वर माळ्यावर संपादकीय ऑफिस आणि खाली छापखाना. वर नंदकुमार पेडणेकर, संपादक. खाली त्यांचा धाकटा भाऊ बाळ, मुद्रक. मासिक दोघांनी मिळून हौसेने काढलेलं, आणि गेली कित्येक वर्षं दोघे एकमेकांशी एक अक्षर बोललेले नव्हते. जिना होता, पण वरचा भाऊ खाली उतरून छापखान्यात पाऊल टाकत नसे आणि खालचा वर चढत नसे. माळ्याच्या मधोमध एक चौकोनी झरोका ठेवला होता, त्यातून दोरीला बांधलेली टोपली वरखाली होई. मजकूर खाली जाई, प्रुफं वर येत. निरोप मात्र वसुधाच्या तोंडून जात. ‘खाली सांगा’ आणि ‘वर सांगा’ ऐकून ऐकून आपण बाई आहोत की जिना, असा तिला कधीकधी प्रश्न पडे. दोघांचा छत्तीसचा आकडा, असं कामगार म्हणत, आणि त्याचं आता कुणाला नवल वाटत नसे.

“साहेब, स्पर्धेत घोळ झालाय,” वसुधा म्हणाली. “सापशिडीच्या पटावर एक आकडा बदललाय. मुलांना अकरा फरक सापडतायत.”

नंदकुमारांच्या टेबलावर त्यांची दिवाळी अंकाची प्रत अजून वेष्टणातच होती. छापून आलेला अंक ते कधीच उघडत नसत. उघडला की चूक दिसणार, चूक दिसली की खाली निरोप धाडावा लागणार. त्यापेक्षा न उघडलेला बरा, असा त्यांचा खाक्या होता.

“छत्तीस लिहिताना हात चुकला असेल वनमालाबाईंचा,” ते मान वर न करता म्हणाले. “उन्हाळ्यात मोतीबिंदू काढलाय ना त्यांचा? व्हायचंच असं.”

मग त्यांनी निकालच लावून टाकला. डिसेंबरच्या अंकात दिलगिरी छापायची, ‘चित्रकर्तीच्या नजरचुकीमुळे’ असं स्पष्ट लिहून. आणि नव्या वर्षापासून फरकांचं पान त्या जयवंत दिघेला द्यायचं. कमर्शियल आर्ट शिकलेला पोरगा आहे, नजर ताजी आहे.

वनमाला आंबेरकरांची ‘दहा फरक’ सोडवत एक अख्खी पिढी लहानाची मोठी झाली होती. नवरा नाही, मुलं नाहीत, शाळेतली नोकरी कधीच संपलेली. त्या पानाखाली येणारं नाव एवढीच बाईंची दौलत होती. आता त्याच नावापुढे ‘हिला दिसत नाही’ असं छापून येणार होतं.

“मूळ चित्र तरी बघू या,” ती म्हणाली. “कपाटात असेल.”

“नाहीये,” नंदकुमार म्हणाले. “खालून वर आलंच नाही ते.”

डिसेंबरचा शेवटचा फॉर्म, म्हणजे छापायच्या पानांचा शेवटचा जुडगा, शनिवारी खाली जाणार होता. वसुधाने तेवढी मुदत मागून घेतली, आणि नंदकुमारांनी ती अशी दिली की जणू तिचा काही उपयोग होणार नाही हे त्यांना आधीच ठाऊक असावं.

२

वनमालाबाई मुलुंड पूर्वेला एका चाळीत राहत. खिडकीजवळचं चित्राचं टेबल नेहमी पसरलेलं असायचं. आज ते मोकळं होतं. ब्रश धुऊन, पुसून, एका जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवले होते. ते बघून वसुधाला बसवेना.

“अंक आला त्याच दिवशी दिसलं मला,” बाई म्हणाल्या. “कुणी सांगायला यायची वाट बघत होते.”

“तुम्ही केलंत का ते?”

“आठवत नाही गं केल्याचं. पण न केल्याचंही कुठे आठवतंय? चूक होते तेव्हा ती होतेय हे कळलं असतं तर चूक कशाला झाली असती?”

वसुधाने त्यांना कामाची रीत विचारली. बाई आधी एक चित्र पुरं करत. मग पातळ कागदावर त्याची नक्कल उतरवून त्यावरून दुसरं काढत, आणि फरक अगदी शेवटी घालत. बोलता बोलता त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती सांगताना त्यांचा आवाज जरा वर आला. आकड्यात आणि अक्षरात त्यांनी आजवर कधी फरक केला नव्हता. राणी पळवावी, लाडू चोरावा, मांजराची शेपटी ओढावी. पण पोर पाढे घोकायला लागलेलं असतं, त्याच्यापुढे चुकीचा आकडा ठेवायचा नाही. बाईंमधल्या मास्तरणीला ते पटतच नसे.

“आणि या खेपेला तर आकडे अगदी काळजीने काढले होते. ऑफिसातूनच निरोप होता ना तसा? बैठे खेळ काढा, सापशिडी पुढे घ्या, आकडे ठळक दिसू देत म्हणून.”

वसुधाने असा निरोप धाडला नव्हता. तिने बाईंना विषय सांगितला होता तो फराळाचा; चित्र आलं तेव्हा बाईंनीच तो बदलला असं तिने धरलं होतं. मग हा निरोप कुणाचा? नंदकुमारांचाच असणार, तिने मनात नोंद केली.

बाईंनी नकलेचा पातळ कागद काढून दाखवला. त्यावर ३६च होते. पण ती पेन्सिल होती. शाई नंतर चढते, आणि शाई चढवताना हात काय करील ते पेन्सिल सांगू शकत नाही. वसुधा निघाली तेव्हा बाई म्हणाल्या, “तो आकडा मीच उलटा केला असेल, तर मला सरळ सांग. मी ब्रश पुन्हा हातात धरणार नाही. पण माझ्या हातून नसेल झालं, तर मला ते कळायला हवं. छापा किंवा छापू नका.”

३

दुसऱ्या दिवशी जयवंत दिघे मोठी पोर्टफोलियो बॅग पैलवानासारखी पेलत ऑफिसात आला. वनमालाबाई गेल्या तर फायदा याचाच होता, आणि चित्र खाली गेलं त्या दिवशी तो ऑफिसात नमुने दाखवायला आलेलाही होता. वसुधाने त्याला आडून आडून विचारायला सुरुवात केली, पण पोरगा सरळ निघाला.

“मॅडम, मला फरक करायचा असता ना, तर मी मराठी आकड्याला हातच लावला नसता. मी इंग्लिश मीडियमचा. त्रेसष्ट म्हणजे नक्की किती, हे मला अजून मनात इंग्लिश करून बघावं लागतं. मी आपली मांजर डबल केली असती.”

वर एवढंही म्हणाला की आजीच्या वयाच्या बाईंचं पान घ्यायला त्याला तसंही कसंतरीच वाटतंय. वसुधाने त्याचं नाव मनातून खोडलं आणि जिना उतरून खाली गेली.

खाली कॅमेऱ्यावर धोंडू घाडी होता. चित्राचा फोटो काढून निगेटिव्ह करायची, आणि त्या निगेटिव्हवरून छपाईचा पत्रा बनायचा. यातलं पहिलं काम धोंडूचं. गिरण्यांचा संप लांबला तेव्हा बाळने त्याला इथे घेतलं होतं. गृहस्थ प्रामाणिक, पण कामाला नवा, आणि नव्या माणसाची सगळ्या चुका स्वतःच्याच वाटण्याची खोड त्याला लागलेली.

“ताईनू, माझ्याच हातसून निगेटिव्ह उलटी लागली असात,” तो म्हणाला. “उलटी लागली की आरशातल्यासारख्या छापता. गिरणीत साच्यावर होतंय मी, ह्यो कॅमेरो माका नवो. त्या म्हातारेचा नाव कशाक? माझा घाला.”

“आणि मूळ चित्र?”

“ता मी सोता टोपलेत घालून वर धाडलंय.”

वसुधा सावध झाली. वरचे म्हणतात आलं नाही, धोंडू म्हणतो धाडलं. तेवढ्यात यंत्रामागून बाळ पेडणेकर हात पुसत आला. तसा अबोल माणूस, पण आत्ता त्याचा आवाज चढला.

“धोंडूनं काही उलटं लावलेलं नाही. त्याचं नाव घ्यायचं नाही. वर सांगा.”

“मग हे झालं कसं, बाळदादा?”

बाळ झरोक्यातून वर गेलेल्या दोरीकडे बघत राहिला. मग विचारलं, “वर पाहिलं का? ते पान?”

“साहेब छापलेला अंक उघडत नाहीत, तुम्हाला माहीतच आहे.”

“हां,” बाळ म्हणाला, आणि आधीच स्वच्छ असलेला रूळ पुन्हा पुसायला लागला.

वसुधाने वर जाऊन धोंडूचं म्हणणं सांगितलं. नंदकुमार एकदम मोकळे झाल्यासारखे दिसले. चला, निगेटिव्ह उलटी लागली. म्हणजे दिलगिरीत बाईंच्या जोडीला छापखान्याचंही नाव घालता येईल. एका चुकीला दोन धनी मिळाले, आणि मुलांपुरता प्रश्न मिटला. वसुधाला त्यांचा तो सुटकेचा सुस्कारा अजिबात आवडला नाही. साहेबांना खरं काय ते नको होतं, कुणाच्या तरी नावावर लिहून मोकळं व्हायचं होतं.

४

शुक्रवारी सकाळी घाटकोपरच्या आपल्या खोलीत वसुधा वेणी घालत होती. समोर आरसा, आणि आरशात पाठीमागच्या भिंतीवरचं कॅलेंडर. नेहमीचंच दृश्य. पण आज तिचा हात वेणीच्या दुसऱ्या पेडावर थबकला. आरशातल्या कॅलेंडरवर दोन, पाच, सात या तारखा वाकड्यातिकड्या झाल्या होत्या, ओळखू येत नव्हत्या. तीन तारीख मात्र छान सहासारखी दिसत होती, आणि सहा तारीख तीनसारखी.

तिने वेणी तशीच सोडली. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर मोठ्या अक्षरात ३६ लिहिलं आणि कागद आरशापुढे धरला.

आरशात ३६ होते.

तिने कागद वर केला, खाली केला, तिरका धरला. आरसा तिनाचा सहा करत होता आणि सहाचा तीन, पण दोघांच्या जागाही बदलत होता. म्हणून शेवटी पुन्हा ३६च. मराठीतला हा एक आकडा उलटवता येत नाही. पाठीला पाठ लावून बसलेले ते दोघे आरशातही तसेच पाठ फिरवून बसतात. निगेटिव्ह दहा वेळा उलटी लावली असती तरी ६३ झालं नसतं. उलट शेजारचे पस्तीस आणि सदतीस तेवढे बिघडले असते, आणि ते तर ठणठणीत होते.

म्हणजे धोंडू सुटला. म्हणजे हे अपघाताने झालेलंच नव्हतं. कुणीतरी नखाएवढ्या जागेत हात घालून, मुद्दाम, त्या दोन आकड्यांना उचलून समोरासमोर बसवलं होतं. वनमालाबाई आकड्यात फरक करत नाहीत. जयवंतला आकडे नीट येत नाहीत. मग कोण?

केसांना तेल लावलेल्या हातानेच ती खुर्चीवर बसली आणि पहिल्या दिवसापासूनचं सगळं बोलणं आठवायला लागली. आपण साहेबांकडे गेलो, काय म्हणालो? ‘सापशिडीच्या पटावर एक आकडा बदललाय.’ एवढंच. अंक आपल्या बगलेत होता. त्यांची प्रत वेष्टणात होती. आणि साहेब मान वर न करता म्हणाले होते, छत्तीस लिहिताना हात चुकला असेल.

पटावर शंभर घरं असतात. छत्तीसचं नाव तिने घेतलंच नव्हतं.

५

नंदकुमार ऑफिसात असतील अशी वेळ साधून वसुधा त्यांच्या घरी गेली. त्यांच्या बायकोशी, अनुपमाशी, तिचं चांगलं जमे. अनुपमा ओट्यापाशी कुळीथ निवडत होती. वसुधाने तिथेच पाटावर बसकण मारली आणि आडपडदा न ठेवता विचारलं, की साहेबांनी दिवाळी अंक घरी पाहिला का?

“पाहिला म्हणजे काय,” अनुपमा म्हणाली, “त्या एका पानावर बसूनच राहिले. ताट वाढलेलं गार झालं. मी म्हटलं बरं नाहीये की काय. तर म्हणाले, डोळ्यात कचरा गेला. दोन्ही डोळ्यांत एकदम?”

मग ती आतून एक मोठा लिफाफा घेऊन आली. नवऱ्याने दोन दिवसांपूर्वी आणून कपाटामागे सारला होता, आणि नवऱ्याने कपाटामागे सारलेली वस्तू बघायचीच असते असं अनुपमाचं साधं मत होतं. लिफाफ्यात वनमालाबाईंचं मूळ चित्र होतं. वसुधाने ते खिडकीच्या उजेडात धरलं. शाई स्वच्छ, रेघ न् रेघ पक्की. डावीकडे ३६. उजवीकडेही ३६. कुठे खाडाखोड नाही, कुठे चिकटवलेलं नाही.

बाईंचा हात चुकला नव्हता. वसुधाला इतका आनंद झाला की तिने अनुपमाला मिठीच मारली, आणि लगेच तितकाच संताप आला. हे चित्र जवळ असताना साहेब त्या बाईंना आंधळं ठरवायला निघाले होते.

“पण का?” ती म्हणाली. “छत्तीस आणि त्रेसष्टमध्ये असं काय आहे?”

अनुपमाने कुळथाचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, “छत्तीसचं घर. तुला कुणी सांगितलं नसेल.”

तिने सांगितलं ते असं. सासरे, अंबादास पेडणेकर, गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. विकतची सापशिडी आणायची ऐपत नव्हती म्हणून त्यांनी कापडाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर स्वतः पट आखला. दोघे मुलगे सदा भांडायचे, म्हणून त्या पटाला त्यांनी घरचा एक नियम लावला. छत्तीसच्या घरात ना साप होता ना शिडी. पण ज्याची सोंगटी तिथे पडेल त्याने दुसऱ्याकडे पाठ करून बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. दुसरा ‘ये’ म्हणाला, की त्याने वळायचं, आणि त्याची सोंगटी थेट त्रेसष्टवर जायची. दुसऱ्याने नाही म्हटलं, तर डाव संपेपर्यंत तिथेच. सासरे म्हणत, छत्तीसला एकट्याने वळता येत नाही, समोरच्याने बोलवावं लागतं.

“माझ्या लग्नानंतरची पहिली दिवाळी. मी छत्तीसवर पडले, आणि मला मेलीला काय ठाऊक! बाळभावजी ओरडतायत, वहिनी, पाठ करा, पाठ करा! आणि हे लाजून ‘ये’ म्हणेनात. सासरे पोट धरून हसत होते.” अनुपमाही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

मग ते दोघे बोलेनासे का झाले, तेही तिने सांगितलं. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाचं कार्ड छापलं होतं. त्यावर ‘अंबादास’चं झालं ‘अबादास’. एक टिंब गेलं. नंदकुमार म्हणाले छपाईत उडालं, बाळ म्हणाला प्रूफ तुम्ही बघितलंत. भरल्या पंगतीत नंदकुमार म्हणाले, बापाचं नाव नीट छापता येत नाही त्याने मला तोंड दाखवू नये. आणि बाळने ते शब्दशः पाळलं.

वसुधा गॅलरीत जाऊन उभी राहिली. आतापर्यंत ती विचारत होती, हे करून नुकसान कुणाचं करायचं होतं. तो प्रश्नच चुकीचा होता. कुणाचंच नुकसान करायचं नव्हतं. विचारायला हवं होतं ते एवढंच, की दोघा भावांपैकी छत्तीसच्या घरात कोण बसलंय?

६

शनिवारी दिलगिरीचा मजकूर नंदकुमारांनी स्वतः लिहून काढला होता. वसुधाने तो टोपलीत टाकला नाही. तिने मूळ चित्र त्यांच्यापुढे ठेवलं.

नंदकुमारांनी चित्राकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे.

“आधी मला वाटलं तुम्हीच केलंत,” वसुधा म्हणाली. “मी न सांगता तुम्हाला आकडा ठाऊक होता, आणि हे चित्र तुम्ही दडवलंत. पण चित्र वरून गेलं तेव्हा चांगलं होतं आणि खालून आलं तेव्हाही चांगलंच होतं. म्हणजे आकडे फिरले ते मधल्या निगेटिव्हवर. तुम्ही खाली पाऊल टाकत नाही. धोंडूची निगेटिव्ह उलटी लागली असती तर छत्तीसचे छत्तीसच राहिले असते. उरलं कोण? मी खाली गेले तेव्हा बाळदादांनी धोंडूला एका झटक्यात सोडवलं. खरं कसं झालं ते ज्याला ठाऊक आहे तोच इतक्या खात्रीने सांगतो. आणि ‘कुणी केलं’ हे त्यांनी विचारलंच नाही. ‘वर पाहिलं का’ एवढंच विचारलं. बाईंना सापशिडी काढायचा निरोपही त्यांचाच असणार.”

नंदकुमारांनी चित्र पालथं घातलं.

“हजारो पोरांना तो फरक सापडला, साहेब. तो काढला होता एकाच माणसासाठी. त्या माणसालाही सापडला, पण त्याने वेष्टण फोडलंच नाही असं दाखवलं.”

“त्याने जिना चढून यावं,” नंदकुमार म्हणाले. “बोलावं. पोरांच्या अंकात कसले खेळ करायचे?”

“छत्तीसवर बसलेल्याने तोंड उघडायचं नसतं. नियम तुमच्या वडिलांचाच ना? डाव तुमचा आहे, आणि तो चुकवायला तुम्ही वनमालाबाईंचे डोळे काढायला निघालात.”

वसुधाला स्वतःच्या धिटाईची भीती वाटली. आता आपलीही नोकरी गेली, असं तिने धरूनच चाललं. पण नंदकुमारांचा चेहरा रागाचा नव्हता. फार दिवस कुठेतरी टोचत असलेलं काही कुणी अचूक बोट ठेवून दाखवावं, तसा झाला होता.

“त्या कार्डाचं प्रूफ मी पाहिलं होतं,” ते हळू म्हणाले. “टिंब प्रुफातच नव्हतं.”

मग ते उठले. खालचं यंत्र जोरात चालू होतं. ते झरोक्यापाशी गेले, गुडघे मोडून बसले, आणि टोपलीची दोरी बाजूला करून खाली वाकले. खालून बाळची पाठ दिसत होती. वसुधाला वाटलं, या गलक्यात ऐकू काय जाणार? तेवढ्यात धोंडूचं लक्ष वर गेलं, आणि त्याने काही न विचारता यंत्र बंद केलं.

“बाळ,” नंदकुमार म्हणाले. “ये.”

बाळ वळला. तोंडावर शाईचा फराटा होता आणि ओठ दाबून धरले होते, लहान मुलं रडू आवरताना धरतात तसे. जिन्यावर पावलं वाजली. वर येऊन तो भावासमोर उभा राहिला, आणि आता काय करायचं हे दोघांनाही समजेना. शेवटी बाळच म्हणाला, “बाईंवर येईल असं मला वाटलं नव्हतं. मला वाटलं, तू बघशील आणि...”

“बघितलं,” नंदकुमार म्हणाले. “त्याच दिवशी बघितलं रे.”

वसुधा पाठ फिरवून चहा सांगायला निघाली. पण जिन्याच्या तोंडाशी थांबून तिला बोलावंच लागलं, की फॉर्म आजच जायचाय आणि वनमालाबाईंचं अजून राहिलंय.

दिलगिरीचा कागद फाडला गेला. दोघा भावांनी टेबलाच्या दोन बाजूंना बसून नवा मजकूर जुळवला. एकाने लिहायचं, दुसऱ्याने शब्द खोडायचे, जुन्या दिवसांसारखं. शेवटी झालं ते असं: ‘दिवाळी अंकात फरक अकरा होते. अकरा ओळखणारी सगळी मुलं बरोबर. अकरावा फरक आमच्या चित्रकर्तीचा नव्हता; तो आम्हा दोघांचा होता आणि आता मिटला आहे. दहा फरक मात्र नेहमीसारखे चोख होते, आणि पुढेही तेच पान, त्याच हातचं: वनमाला आंबेरकर.’

दुपारी ओलं प्रूफ आलं. बाळ ते जिन्याने स्वतः घेऊन आला. टोपली झरोक्याशी लोंबकळत राहिली. नंदकुमारांनी भिंग घेतलं आणि एकेक ओळ वाचली. शेवटच्या नावाशी थांबले, आणि भिंग भावाकडे सरकवलं.

“आंबेरकर. टिंब आहे का, तू बघ.”

बाळने वाकून, एक डोळा मिटून, पुन्हा पुन्हा बघितलं.

“आहे,” तो म्हणाला. “आता तू बघ.”

नंदकुमारांनी भिंग परत घेतलं आणि बघितलं. वसुधा ते प्रूफ घेऊन निघाली. वनमालाबाईंचे ब्रश अजून साडीच्या तुकड्यातच होते.